नाव लावलेली झाडं

मुलांनो, परवाच्या फोटोत माझ्या मागे एवढी झाडं पाहून तुम्ही विचारलंत, हे आपलंच गाव का? म्हणून लिहिते.

घनसावंगीजवळच्या आपल्या गावातली मुलं उसाच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीतून शाळेत जात. म्हणून ओढ्याकाठून झाडांची पायवाट करायचं ठरलं. सरकारी निधीत मुरूम आणि रोपं बसली, पण उन्हाळ्यात पाण्याचं काय? टँकरसाठी वर्गणी द्यायला कुणी पुढे येईना. रोपं वाळणार, हे दिसतच होतं.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर याचीच बैठक चालली असताना शेजारी एक फिरती बांगड्यावाली एका सुनेला बांगड्या भरत होती. ती हात दाबत, हसवत बोलत होती आणि घट्ट बांगडी कधी चढली ते कळतही नव्हतं. मान वर न करता ती म्हणाली, "जो वर्गणी देईल त्याचं नाव झाडाला लावा ना. झाड वाळलं की सगळ्या गावापुढं नाव बी वाळलं. मंग बघा, कसे जल्दी टँकर बोलावतेत!"

"चाची, सल्ला फुकट का?" सरपंच हसले.

"फुकट कुठं? घरवालीला डझनभर बांगड्या घ्या की!"

त्यांनी घेतल्या. वर्गणी जमली, झाडांना देणाऱ्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या. टँकरला उशीर झाला, तर माणसं हंडे घेऊन आपापलं नाव जगवायला धावत. गावाच्या हातातही तिने बांगडी अशीच न दुखवता चढवली होती.

ती परत आली नाही. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्या नावाचं झाड नाही. आता पाट्यांवरची अक्षरंही उन्हाने पुसली गेली आहेत. शाळेपर्यंत सावली मात्र आहे.