वहीत नसलेलं मस्कत

बाबीचा फोन आला तेव्हा मी कुडाळला बँकेत कामावर होते. "गो, आप्पा गेले..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मालवणजवळच्या आमच्या गावात बाबीचं किराणा दुकान आहे, आणि माझ्या काकांची, आप्पांची, सगळ्यात जास्त टर त्यानेच उडवली. त्याला रडताना ऐकलं तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं. महिना झाला त्याला.

आप्पा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद, लांबची एफएम स्टेशनं पकडायची. एफएम एरवी जवळपासचंच लागतं. पण पावसाळ्याआधी वारा पडतो, समुद्रावरच्या गार हवेवर कोरडी गरम हवा पसरते आणि त्यांच्या मधल्या मधे रेडिओच्या लहरी पाटाच्या पाण्यासारख्या पार लांबवर जातात. अशा सकाळी माडावर बांधलेल्या एरियलची वायर रेडिओला जोडून काका परसात उभे असायचे आणि काकी चहासाठी हाका मारून दमायची.

एकदा गुजराती गाणं लागलं. काका धावत दुकानात. "गुजरात लागला रे!" तासाभराने निवेदिकेने नाव सांगितलं, तर ते निघालं गोव्याचं स्टेशन, कुणाच्या तरी फर्माइशीचं गाणं! दुसरा कुणी गप्प बसला असता. काका परत दुकानात गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माझा चुकला. गोवा होता तां." गावाला वर्षभराची करमणूक मिळाली. "आप्पानू, आज लंडन लागला काय?" हसणाऱ्यांत मीही होते, लपवण्यात काय अर्थ? तेव्हापासून काकांचा नेम ठरला. स्टेशन स्वतःच्या तोंडाने नाव सांगेपर्यंत त्यांच्या स्टेशनांच्या वहीत नोंद नाही.

मागच्या मे महिन्यात मी गावी असताना इंग्रजी बोलणारा, अरबी वळणाचा एक आवाज लागला. नारळ न्यायला आलेला बाबी म्हणाला, "मोबाइलवरचा लावलात मां?" काकांना पकडायचंच म्हणून त्याने मस्कतला गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलाला फोन लावला, स्टेशनचा आकडा सांगितला आणि गाडीतला रेडिओ लावायला लावला. क्षणभराने फोनमधूनही तोच आवाज, तीच वाक्यं, जराशी मागून. बाबीचं तोंड उघडंच राहिलं.

"आप्पानू, तुमचा खरा! लिवा आता!"

"थांब. नाव सांगांदे."

आम्ही तिघे उभे. ऊन चढलं, वारा सुटला आणि आवाज खरखरीत बुडाला. नाव काही आलं नाही. मुलगा फोनवर ओरडत होता, मस्कतच आसा म्हणून. काका शांतपणे म्हणाले, "तुझ्या झिलान सांगल्यान. स्टेशनान खंय सांगल्यान?" मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, की मागच्या सगळ्या हसण्याची लाज वाटली.

बाराव्याला बाबीने वही मागितली. त्या दिवशीच्या पानावर एवढंच होतं : 'वारा पडलेला. परका आवाज. नाव कळलं नाही.' बाबीने खिशातून पेन काढलं. "लिव गो, मस्कत. साक्षीक माझी सही घे." माझा हात पुढे झालाही होता, पण मी तो मागे घेतला.

"नको बाबीदादा. ह्या एक असाच लिवला तर वहीतल्या बाकीच्या नावांचा खरा कोण मानतलो?"

बाबीने पेन परत खिशात घातलं आणि काकीला विचारलं, "रेडिओ हयच ऱ्हवतलो मां?"

आता वारा पडला की दुकान बंद असतं. बाबी आमच्या परसात रेडिओला कान लावून उभा असतो, मस्कतने आपलं नाव सांगायची वाट बघत.