धोंड्याचं नाव

माझं स्वतःचं नाव उकिरड्यावरून ठेवलेलं आहे. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली, म्हणून मी जन्मलो तेव्हा मला घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं आणि कुणाचं तरी टाकलेलं पोर सापडलं असं म्हणत परत उचललं. आमच्याकडे तशी रीत होती. मी जगलो, म्हणजे युक्ती फळली असं आई धरून चालली. त्या नावाने मला काय सोसावं लागलं, ते तिने कधी विचारलं नाही.

नंदुरबारच्या स्टेशनवर मी मिरचीची पोती वॅगनीत चढवत असे. शेठ लोक गादीवरून माझं नाव मुद्दाम लांबवून हाक मारत आणि बाकीचे हमाल हसत. पुढे मी स्वतः मिरची घेऊ लागलो. कोरीटपासून तळोद्यापर्यंत शेतात उभं राहून सौदा करायचा, ओली मिरची आणून गावाबाहेरच्या पथारीवर वाळवायची, सुरतेकडे पाठवायची. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवताना समोरच्याच्या बोटांना घाम कधी येतो हे मला कळायचं. ज्या शेठांची पोती वाहिली तेच माझ्यासमोर सावरून बसू लागले. पण हाक तीच राहिली. घर बांधलं, बैलगाडी घेतली, तरी हाक उकिरड्याचीच.

म्हणून माझ्या मुलीचं नाव मी शाळामास्तरांना विचारून ठेवलं. पुस्तकातलं, एका फुलाचं. त्याआधी आम्हाला एक मुलगा झाला होता, तो बाराव्या दिवसापर्यंतही पोचला नव्हता. आई म्हणत होती, या खेपेला जुनंपानं, वंगाळ नाव ठेव. मी तिला घराबाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात गप्प केलं. ती मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली.

दीड वर्षाने पुन्हा मुलगी झाली. दहाव्या दिवशी आई बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

“हिनं नाव धोंडानं ठेव,” ती म्हणाली. “धोंडाले कोन्ही उचलीसन लई जात नही.”

“मन्हं नाव ठेवं तितलामा पोट भरनं नही का तुन्हं?”

“तू जगना ना?”

उत्तर न सुचलं की मी ओरडतो, तसा ओरडलो. शाळेत हजेरी घेतील तेव्हा पोरगी काय सांगेल, सासरी उखाण्यात हसं होईल, असं बरंच काही. आतून बायकोचा आवाज आला. ती माझ्यासमोर फारसं बोलत नसे.

“ठेवू द्या त्यास्ले. मले नाव काय करनं शे? पोर पाहिजे.”

मी हो म्हटलं. मनातून नाही, पण म्हटलं.

नुसतं नाव ठेवून भागत नव्हतं. समोरच्या घरात पिंजाऱ्याचं कुटुंब होतं. त्या घरच्या चाचीची सातही मुलं जिवंत होती, म्हणून ती आईला या कामासाठी हवी होती. सुपात कोंडा घालून त्यावर मुलीला निजवायचं आणि चाचीने कोंड्याच्या मोलाने तिला विकत घेऊन आपल्या घरी न्यायचं. नाव तिने ठेवायचं. मग बापाने तिच्या दारात जाऊन ती मागेल ते धान्य देऊन मुलगी विकत आणायची. पोर आपलं नाही, दुसऱ्याकडून आणलेलं आहे, असं नशिबाला पटवायचं.

“ती जे मांगी ते देवानं,” आईने मला दोनदा बजावलं. “तोंडातून अक्षर काढवानं नही.”

बाराव्या दिवशी सकाळी चाची मुलीला घेऊन आपल्या ओट्यावर बसली. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, माझ्या धंद्यातले दोघे-तिघेही आले होते. चाचीने मुलीच्या कानात नाव सांगितलं आणि मोठ्यानेही सांगितलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“बोल भाऊ,” चाची म्हणाली, “पोर मन्ही शे. पायलीभर बाजरी पडी. एक दाना कमी नही.”

तिने ते अगदी बाजारातल्या सुरात म्हटलं. मजा म्हणूनच. आणि मी म्हणालो, “दोन शेर.”

का म्हणालो, याची मी पुढे अनेक कारणं शोधली. पायलीभर बाजरी म्हणजे माझ्या घरी तेव्हा काहीच नव्हतं. आईने पायली आधीच मोजून टोपलीत आणली होती. पण वीस वर्षांत कुणी सांगितलेल्या पहिल्या भावाला मी होकार दिला नव्हता. तोंडाने ते मला न विचारताच केलं.

सगळे हसले. चाची सर्वांत जास्त हसली. “आंडेरनी, सोतानी पोरनी बी घासाघीस करस? ले, दोन शेर ते दोन शेर. तुन्हासंगे कोन वाद घाली.”

आई हसली नाही. ती पुढे होऊन सगळी टोपली चाचीच्या सुपात ओतू लागली. चारचौघांसमोर ती मला खोटं पाडते आहे असं मला वाटलं, मी तिचा हात धरला. “ठरलं ते ठरलं,” म्हणालो. दोन शेर दिले, दोन शेर परत घरी आले. मुलगी माझ्या हातात आली तेव्हा झोपलेली होती.

ती चांगली वाढली. दीड वर्षाची असताना पथारीवर यायची, मिरचीच्या ठसक्याने शिंकायची आणि प्रत्येक शिंकेनंतर माझ्याकडे रागाने बघायची, जणू ती शिंक मीच तिला दिली. तेच धोंड्याचं नाव मी पथारीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडून घेत असे, साऱ्या हमालांसमोर. हसायची कुणाची छाती नव्हती. तिच्या तोंडून ते अर्धंच निघायचं. माझं नाव मला जन्मभर टोचलं, तिचं मला आवडू लागलं होतं. हे मी आईला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात तिचा घसा सुजला. सरकारी डॉक्टर घरी येऊन गेले. घटसर्प आहे म्हणाले, गल्लीत आणखी दोन घरांत तोच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजरीचं अख्खं पोतं पाठीवर घेऊन गल्ली ओलांडली. गडी होता, पण त्याला हात लावू दिला नाही. चाची रजई शिवत बसली होती.

“पायली व्हती ना? पायली ले,” मी म्हणालो. “बाकीनं बी ले.”

“आते कसाले, भाऊ? मी तिले राजीखुशीमा दिधी व्हती.”

“ले म्हनस ना मी.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पोतं आत ओढून घेतलं. “बठ. पानी पी.” मी बसलो नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. ऊन ओट्यावर आलं होतं.

त्यानंतर मी वाट बघत राहिलो. आई बोलेल, बायको बोलेल. माझं उत्तर तयार होतं. साथ होती. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. त्या दोन घरांतली पोरंही गेली, तिथे कुणी दोन शेराची घासाघीस केली नव्हती. असा मुद्देसूद जबाब मी शेतात, गाडीत, पथारीवर मनात शंभर वेळा दिला. जगात ज्याच्याशी म्हणाल त्याच्याशी मी भांडू शकतो. पण माझ्या घरात कुणी भांडायला तयार नव्हतं. मी मिठावरून ताट भिरकावलं तर दोघी ते उचलून ठेवत. आई पुढच्या उन्हाळ्यात वारली, तिनेही शेवटपर्यंत तो विषय काढला नाही. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही.

एकदाच मी स्वतः सुरुवात केली. बायको अंगणात मिरचीचे देठ खुडत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, साथ होती, सगळ्या गल्लीत होती.

“मी काही बोलनी का?” ती म्हणाली, आणि पुढची मिरची हातात घेतली.