पाच घरांचा जोगवा

तीस वर्षं मी जिल्ह्याच्या बातम्या लिहिल्या. दुजोरा मिळाल्याशिवाय काही छापायचं नाही, ही सवय अंगात इतकी मुरली, की देवीपुढं हात जोडतानाही मन दुसऱ्या सूत्राची वाट बघत असे. निवृत्त होऊन जळकोटच्या अलीकडं, महामार्गापासून आत असलेल्या आमच्या गावात राहायला आलो, तेव्हा माझ्या श्रद्धेची अवस्था अशी होती. गावाची अवस्था त्याहून वाईट होती.

गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. एका दुष्काळी वर्षात दोन्हीकडच्या पोरांनी देवळाच्या ओसरीवर धान्याची कोठी सुरू केली होती. रास झाली की प्रत्येक घरानं त्यात ज्वारी टाकायची आणि उन्हाळ्यात ज्याचं संपेल त्यानं न विचारता न्यायची. मग पोरांचं व्हॉलीबॉलवरून बिनसलं. जाळी वरच्या आळीची, खांब खालच्यांचे. जाळी माळ्यावर गेली, खांब उघडे राहिले आणि या वर्षी कोठीत कोणीच दाणा टाकला नाही. खालच्यांची ज्वारी पडेल तिथं वरच्यांची पडणार नव्हती. कोठीवर उन्हाळा काढणारी घरं थोडी होती, पण होती. एकट्या राहणाऱ्या रुक्मिणमावशी एकदा झाकण उघडून बघताना मला दिसल्या. त्यांनी ते परत लावलं.

मी शांतता बैठक घेतली. खुर्च्या समोरासमोर मांडल्या. पोरांनी त्या फिरवल्या, पाठीला पाठ लावून भजी खाल्ली आणि गेली. दुसऱ्या बैठकीला फक्त भजीवाला आला.

त्याच सुमारास माझ्या मुतखड्याचं ऑपरेशन झालं. सुखरूप घरी आलो, तेव्हा कळलं की पत्नीनं तुळजाभवानीला परस्पर नवस बोलून टाकला होता. मी पाच घरं जोगवा मागायचा होता.

“मला न विचारता?” मी म्हणालो.

“तुम्ही गुंगीत होता,” ती म्हणाली. “विचारलं असतं तर न्हायच म्हणला असता.”

मंगळवारी सकाळी तिनं माझ्या हातात वेताची परडी दिली. पाचही घरं आपल्याच आळीत, नात्यातली घ्यायची आणि अर्ध्या तासात परतायचं, असं मी ठरवलं. पहिलं घर पुतण्याचं. हा नागेश, वरच्या आळीच्या पोरांचा म्होरक्या. त्याच्या बायकोनं हसू दाबत मूठभर ज्वारी घातली. लाजेनं माझे कान तापले. आयुष्यभर मी लोकांकडं प्रतिक्रिया मागितली होती, ज्वारी कधी मागितली नव्हती.

पारापाशी थांबून घाम पुसत होतो. तिथं गळ्यात कवड्यांची माळ घातलेली एक म्हातारी आराधीण बसली होती. तुळजापूरला निघालेली, पण झोपेत चुकीच्या फाट्यावर उतरलेली.

“दादा,” ती म्हणाली, “जोगवा मागताय का जनगणना करताय?”

माझ्या खिशाला पेन होतं. मी ते काढून आत ठेवलं. तोवर ती उठून समोरच्या उघड्या दाराकडं निघाली होती. ते दार खालच्या आळीतलं होतं.

“तिकडं आमचं जाणं-येणं नाही,” मी म्हणालो.

“तुमचं नसंल. आईचं हाय की!”

आणि तिनं खणखणीत आवाजात उदो केला. दारात शेवंताबाई आल्या. त्यांचा मुलगा महादेव हा खालच्यांचा म्होरक्या. मला बघून त्यांच्या भुवया चढल्या, पण आमच्याकडं मंगळवारी जोगव्याला कोणी नाही म्हणत नाही. त्या आत वळल्या आणि परत फिरल्या.

“वरच्यांनी किती घातलं?”

“सूपभर!” आराधीण म्हणाली.

मी वस्तुस्थिती सांगायला तोंड उघडलं. तिनं माझ्या पायावर पाय दिला. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी खुलासा केला नाही.

शेवंताबाईंनी दोन सुपं आणली. परडी भरून ज्वारी खाली सांडायला लागली, म्हणून महादेवनं ताडपत्री आणून पारावर अंथरली. हे व्हॉट्सअ‍ॅपवरून वरच्या आळीला कळलं आणि नागेशची बायको घमेलं घेऊन आली. मग खालून पाटी आली, वरून पोतं आलं. “जोगवा परडीतच पडला पायजे,” असं आराधीण बजावत होती, त्यामुळं मी परडी धरून मधे बसलो आणि माझ्या मांडीवरून ज्वारी वाहत राहिली. दुपारपर्यंत ढीग माझ्या छातीला लागला. त्यातला कुठला दाणा कुठल्या आळीचा, हे खुद्द देवीलाही सांगता आलं नसतं.

“एवढं तुम्ही दोघंच खाणार व्हय?” शेवंताबाईंनी विचारलं.

“नाही, कोठीत जाईल,” मी म्हणालो.

हरकत घ्यायची तर कुणाच्या ज्वारीवर घ्यायची? ती आता देवीची होती. पोती भरली. एकट्याला उचलेना, म्हणून नागेशनं एक टोक धरलं आणि दुसरं धरायला महादेव पुढं आला.

“पुढनं मी धरणार,” महादेव म्हणाला.

“धर की. मागं राहून तुजी पाठ बघायची मला हौस हाय.”

महादेव हसला. पोतं हललं.

त्या गडबडीत आराधीण फाट्याकडं गेली. नाव विचारायला मी धावलो, तर ती एसटीच्या पायरीवर होती. “नाव कशाला? छापणार हायसा व्हय?” म्हणाली, आणि दार लागलं. ती चुकून उतरली की उतरवली गेली, याला माझ्याकडं दुजोरा नाही. मी आता शोधतही नाही.

घरी आल्यावर पत्नीनं हिशेब मागितला आणि ऐकून म्हणाली, “मागितलं दोनच घरांत. बाकीचे आपणहून आले. तीन घरं राहिली.”

पुढच्या मंगळवारी मी परडी घेऊन रुक्मिणमावशींच्या दारात उभा राहिलो. मागण्याची लाज गेली होती. इतकी वर्षं मी देवीला अटी घालत होतो. तिनं मला फक्त परडी पुढं धरायला लावली. मावशींनी कोठीतून आणलेली ज्वारी मुठीत घेतली. वरच्या-खालच्यांनी मिळून घातलेली तीच ज्वारी. घालता घालता त्या थांबल्या.

“शेवंतानं किती घातलं?”

“दोन सुपं, मावशी,” मी खरं तेच सांगितलं.

त्यांनी आणखी एक मूठ घातली.