मी वाक्य दिलं नाही

मागच्या महिन्यात मित्राचा आर्वीहून फोन आला. "अबे, आपला माणूस गेला."

आपला माणूस म्हणजे सर्बियातला एक नट. कॉलेजात असताना वर्ध्याला एका प्राध्यापकांच्या घरी आम्ही दोघं त्याचे सिनेमे पाहायचो. भाषा कळायची नाही, खालच्या इंग्रजी ओळी निम्म्या सुटायच्या. पण तो कळायचा. सुतार, तस्कर, निवृत्त स्टेशनमास्तर, मिळेल ते त्याने केलं. नाटकातून आलेला माणूस, चाळिशीत नाव झालं. ज्या देशात झालं तो देशच पुढे फुटला, कालचे सोबती परमुलखातले झाले. तरी हा दोन-दोन प्रसंगांच्या भूमिका करत राहिला, पार म्हातारपणापर्यंत. बोलण्याआधी तो थांबायचा. मित्र त्या थांबण्यावर फिदा.

"तो बोलत नाई ना, तवाच सारं सांगून राह्यला असते."

मित्र कापडदुकानदाराचा मुलगा, मी पवनारच्या शेतकऱ्याचा. नाटकाचं वेड दोघांनाही, अभिनय मात्र त्याच्याकडे. स्पर्धेच्या नाटकात मुख्य भूमिका मला मिळेल असं मी धरून चाललो होतो. मिळाली त्याला. माझ्या हातात संहिता देऊन मला विंगेत बसवलं, प्रॉम्प्टर म्हणून.

"तू असला का मले भेव नाई," तो म्हणाला.

दुसऱ्या अंकात बापाच्या प्रेतापाशी तो उभा राहिला आणि थांबला. प्रेक्षागृह चिडीचूप. मग त्याची मान किंचित माझ्याकडे वळली. डोळे पाहिले मी. वाक्य गेलं होतं. माझं बोट त्याच वाक्यावर होतं. मी तोंड मिटून बसलो.

मागून कोणीतरी ओरडलं, "झोपला काय बे?" हशा झाला. शेवटी समोरच्या मुलीने भलतंच वाक्य घेतलं आणि प्रसंग कोसळला.

मेकअपच्या खोलीत त्याने विचारलं, "काऊन नाई सांगतलं बे?"

"मले वाटलं, तू त्याच्यासारखा थांबून राह्यला."

हे उत्तर मी विंगेतच तयार करून ठेवलं होतं. त्याला ते पटलं. "माहीच चूक. मी पाह्यलं का वाक्य दे, हे तुले आधी सांगून ठेवाले पाह्यजे होतं," असं वर म्हणाला. त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. आर्वीला घरच्या दुकानात बसला. इतक्या वर्षांत माझ्यावर एकदाही संशय नाही.

मागच्या महिन्यातल्या त्याच फोनवर म्हणाला, "तू पेपरात लिहितं ना, मंग त्याच्यावर लिही. अन् हेही टाक, का वर्ध्यात एका येड्यानं त्याची नक्कल केली अन् तोंडावर आपटला." आणि हसला.

लिहायला बसलो. नटाचं आयुष्य एका बैठकीत झालं. पुढे खोटं लिहवेना. छापायला देण्याआधी मी त्याला फोन लावला आणि हे सगळं, विंगेतल्या बोटासकट, वाचून दाखवलं. मध्ये तो एकदाही बोलला नाही. वाचून झाल्यावर मी विचारलं, "आयकून राह्यला ना?"

"हाव. गिऱ्हाईक आलं, ठेवतो."

आर्वीतलं त्याचं दुकान गुरुवारी बंद असतं. त्या दिवशी गुरुवार होता.