पटलावर ठेवलेला पूल

लोकसभेत गोंधळ सुरू होता. लेखी मुद्दे पटलावर ठेवा, ते वाचले असं मानलं जाईल, असं अध्यक्षांनी सांगितलं. आमच्या जिल्ह्याच्या खासदारांनी ओढ्यावरच्या वाहून गेलेल्या पुलाचा कागद ठेवला आणि ते बाहेर आले. तेवढ्यात सरपंचबाईंचा फोन आला. खासदारांनी तो आम्हा पत्रकारांसमोरच स्पीकरवर घेतला.

“दादा, अख्खं गाव टीव्हीपुढं बसलंय. तुम्ही दिसला, पूल काय ऐकू आला नाही.”

“अक्का, मांडलाय. कागद दिलाय.”

“मग दिवस भरलेल्या सुनंदाला कळा लागल्या, की त्या कागदावरनं न्यायची का पलीकडं दवाखान्यात?”

न वाचलेलं वाचलं असं मानून सभागृहाचं काम पुढे जातं. सुनंदाला मात्र ओढा उतरायची वाट पाहावी लागेल.

संध्याकाळी मी बातमी दिली: खासदारांनी पुलाचा प्रश्न संसदेत मांडला. तिच्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.