पाचव्या ओळीपुढची खूण

चेकरकाकांच्या हातात कुठलीही बाहुली आली की सर्वांत आधी तिचा चेहरा जायचा. कापसाच्या बोळ्यावर नेलपेंट रिमूव्हर घ्यायचं, डाव्या अंगठ्याने बाहुलीची हनुवटी वर करायची आणि कपाळापासून खाली पुसत यायचं. निळे डोळे, गुलाबी ओठ, ते कायमचं हसू, सगळं दोन मिनिटांत कापसावर उतरायचं आणि हातात एक कोरं डोकं उरायचं. आमच्या मजल्यावरची लहान मुलं ते बघून रडायची. काका त्यांची समजूत काढायचे नाहीत. "पुसल्याशिवाय हिच्याकडं बघता येत नाय," एवढंच म्हणायचे आणि बोळा कचऱ्याच्या पिशवीत टाकायचे.

काका मूळचे घोटीकडचे. नोकरी सगळी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, तीही तपासणीवर. छापलेला ताव समोर आला की दोष शोधायचा, लाल पेन्सिलीने खूण करायची आणि पुढचा ताव घ्यायचा. त्यावरून कॉलनीने त्यांना चेकरकाका करून टाकलं होतं. निवृत्तीनंतरही डोळा तसाच राहिला. दुधाच्या पिशवीवरची पुसट तारीख ते चष्म्याशिवाय वाचायचे. सोसायटीची नोटीस लागली की तासाभरात तिच्यावर लाल खूण दिसायची.

त्यांचं दार माझ्या दारासमोर. मी एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही. बाकीचे यावरून माझी चेष्टा करतात. काका करायचे नाहीत. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असून ते मला "साहेब" म्हणायचे. आधी थट्टेत, नंतर सवयीने.

बाहुल्यांचा नाद गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आला. पुण्याच्या नातीसाठी म्हणून त्यांनी जुन्या खेळण्यांच्या ढिगातून पाच फॅशनच्या बाहुल्या उचलून आणल्या. लांब पाय, बारीक कंबर, गुंतून जट झालेले सोनेरी केस. जेवणाच्या टेबलावर पाचही ओळीने मांडून ते कितीतरी वेळ बघत बसले होते. मी वाटी परत द्यायला गेले, तर म्हणाले, "साहेब, पाची एकसारख्या हसत्यात. सगळी नोकरी मी सारखं हाय का तेच बघितलं. आता सारखं दिसलं की पुसावंसं वाटतं."

नातीचं बाहुल्यांचं वय तोवर सरलं होतं. बाहुल्या काकांकडेच राहिल्या.

पहिल्या वर्षी त्यांनी इतके चेहरे पुसले की कोपऱ्यावरच्या कटलरीवाल्याने एकदा विचारलं, "काका, काकूंना नखं तरी किती आहेत?" काका शांतपणे म्हणाले, "वीस. पण रंग रोज बदलत्यात." काकूंनी जन्मात नख रंगवलं नव्हतं.

पुसलेल्या डोक्यावर ते आपल्याकडच्या बायका काढायचे. भात लावणारी, बस कंडक्टर, शाळेतली सेविका, भाजीवाली. अंगाचा रंग जमवताना नमुना म्हणून स्वतःचा हात धरायचे, नाहीतर काकूंचा. "थांब, हलू नको," असं म्हणून काकूंच्या मनगटाशी बाहुलीची मांडी लावून बघायचे. काकू पोळ्या लाटता लाटता थांबायच्या. बाहुल्यांच्या पायांवर त्यांचा विशेष राग होता. उंच टाचेच्या बुटांसाठी घडवलेले ते पाय जमिनीवर टेकतच नाहीत. "जिला उभं राहता येत नाय ती बाई कसली? नापास," असं म्हणून ते पाय घोट्यापासून कापायचे आणि पुट्टीचे नवे, रुंद, भेगाळलेले पाय बसवायचे.

त्यांची एकही बाहुली हसायची नाही. हस्तकलेच्या प्रदर्शनात आम्ही टेबल लावायचो, तिथे एका बाईने भेट द्यायला नवरी मागितली, "थोडी हसरी करून द्या ना." काका म्हणाले, "हसरी दुकानात मिळंल. माझ्याकडं कशाला येता?" बाहुली विकली गेली नाही ती नाहीच. खालच्या मजल्यावरच्या शिंदेवहिनी एकदा कंडक्टर बाहुलीकडे बघत उभ्या राहिल्या आणि संशयाने म्हणाल्या, "काका, ही मी आहे का?"

"नाय. फक्त तुमची कपाळाची आठी घेतलीय उसनी."

"मग परत द्या की."

"तुमच्याकडं हाय की अजून दुसरी," काका म्हणाले. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांनीच ती बाहुली विकत घेतली.

काकांचं एक वाक्य मात्र मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. आमच्या पाण्याच्या टाकीला बारीक चीर गेलेली त्यांनी पाहिली आणि चेअरमनना नेऊन दाखवली. चेअरमन म्हणाले, रंगाची रेघ आहे. काका परत आले आणि ब्रश हातात घेतला. मी चिडले. "काका, भांडायचं ना." ते म्हणाले, "तपासणाऱ्यानं दोष दाखवायचा. छापायचं का नाय, ते साहेब ठरवतो." पावसाळ्यात टाकी फुटली तेव्हाही त्यांनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. मी मात्र ती गोष्ट शाळेत सगळ्यांना हसत हसत सांगितली.

आता यादीबद्दल सांगते.

चेहऱ्याचं काम थरांचं असतं. रंगीत खडूची पूड लावून गालाची, डोळ्याखालची छटा द्यायची, ती पुसू नये म्हणून वरून मॅट वार्निशचा स्प्रे मारायचा, वाळू द्यायचा, पुन्हा पूड, पुन्हा स्प्रे. एका चेहऱ्याला पाच-सहा वेळा. हे सगळं काका मागच्या बंद गॅलरीत करायचे, जेमतेम एक खुर्ची आणि एक टेबल मावेल एवढ्या जागेत. एका वर्षी समोरचा रस्ता खणून ठेवला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी काकांनी आठ बाहुल्या उन्हात धरल्या आणि आठही बाजूला ठेवल्या. ओल्या वार्निशवर धूळ बसली होती. मला ती दिसतसुद्धा नव्हती. "नापास," ते म्हणाले. टेबलाचं भाडं मी भरलं होतं, पत्रकं वाटली होती. प्रदर्शनात आम्ही उरलेल्या तीन बाहुल्या घेऊन बसलो.

त्याच संध्याकाळी मी घरी येऊन कामाची यादी केली. नऊ ओळी. चेहरा पुसणे, साबणाने धुणे, पूर्ण कोरडी करणे, टेबल ओल्या फडक्याने पुसणे. पाचवी ओळ अशी होती: स्प्रेच्या वेळी खिडकी पूर्ण बंद ठेवणे. ती मी अधोरेखित केली. शाळेत पन्नास प्रती काढल्या, एक गॅलरीच्या भिंतीवर चिकटवली आणि काकांना सांगितलं, "दर बाहुलीला एक कागद. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची, खाली सही."

काका इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "आता काम कामासारखं झालं," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून धूळ बंद झाली. प्रती संपल्या की मी आणखी काढून देत गेले.

अशी पाचेक वर्षं गेली. बाहुल्या मुंबई-पुण्याला जाऊ लागल्या, मी फोटो काढायचे, पत्ते लिहायचे, खोकी बांधायचे. काकांना खोकला लागला तो कोरडा, ठसक्यासारखा. आधी तो आम्ही हवेवर ढकलला, मग वयावर. मग ते जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले आणि भिंतीवरचा रंग तपासतोय असं दाखवायला लागले. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाइल माझ्या मांडीवर होती.

डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडावर धरला. फुप्फुस आतून घट्ट होत चाललंय, म्हणाले. मग विचारलं, "घरात काही फवारता का?"

"वार्निश," काका म्हणाले.

"कुठे?"

"गॅलरीत."

"खिडक्या उघड्या असतात ना?"

"नाय. बंद. धूळ बसती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकच कारण असं सांगता येत नाही, वय आहे, आणखीही पुष्कळ गोष्टी असतात, पण हे आजपासून बंद, असं म्हणाले. काका मान हलवत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा तो स्प्रेचा डबा हातात घेऊन वाचला. औषधांच्या बाटल्या वाचणारी, करार वाचणारी, शाळेच्या प्रत्येक परिपत्रकाची मागची बाजू वाचणारी मी. डब्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: मोकळ्या हवेत वापरा, तोंडावर मास्क बांधा, वाफ ओढू नका. मी भिंतीवरची यादी काढून फाडली आणि नवी लिहिली. खिडकी उघडी. मास्क. काकांनी ती घेतली, पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता बरोबर हाय." मला वाटलं, माझी समजूत घालतायत.

नव्या यादीप्रमाणे एकही बाहुली झाली नाही. स्प्रे बंद झाला म्हणजे काम बंदच झालं. शेवटची एक त्यांनी नुसत्या खडूच्या पुडीवर केली, म्हातारी, तोंडाचं बोळकं झालेली. तिच्यावर स्टीलचा डबा उलटा घालून ठेवला. "हात लावू नका, कच्ची हाय," येईल त्याला सांगायचे. हिवाळ्यात घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याच्या घरघरीत टीव्ही ऐकू येत नसे, तरी काकू तो लावून ठेवायच्या. जानेवारीत, सकाळचा चहा निवत असताना काका गेले. घरात बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं जिन्यापर्यंत उभी होती. त्या गर्दीत कोणीतरी तो डबा उचलला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर म्हातारीचा एक गाल गेलेला होता, कुणाच्या तरी बोटावर.

महिन्याने काकूंनी मला गॅलरी आवरायला बोलावलं. मी वहीत कामं लिहून नेली होती. टेबलाखाली फाइल सापडली, जाड, दोरी बांधलेली. दर बाहुलीचा एक कागद, तारखेप्रमाणे लावलेला. नऊ ओळी, नऊ निळ्या खुणा, खाली सही. एकही ओळ सुटलेली नव्हती. मी उलटत उलटत अगदी पहिल्या कागदापर्यंत गेले. तिथे पाचव्या ओळीपुढे निळी खूण नव्हती. लाल पेन्सिल होती. बारीक अक्षरात लिहिलं होतं: "डब्यावर उलट लिहिले आहे. साहेबांना विचारणे."

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर, त्याच ओळीपुढे, निळ्या पेनाने: "विचारले. यादीप्रमाणे करणे." त्यापुढे निळी खूण. मग शेवटपर्यंत निळीच.

मला आठवत नाही असं म्हणता आलं असतं, पण आठवतं. प्रवेशाचे दिवस होते, मी जिना उतरत होते, किल्ली दातांत धरली होती. काका स्प्रेचा डबा हातात घेऊन दारात उभे होते. "साहेब, एक मिनिट. ते खिडकीचं..." मी किल्ली काढून म्हणाले होते, "काका, यादीत लिहिलंय ना? मग तसंच करा. परत धूळ बसली तर मला सांगायला येऊ नका." काका "बरं" म्हणाले होते. आणि नंतर एकदाही सांगायला आले नाहीत.

काकू स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि वाचून दाखवले. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ताटातला खडा काढला, खिडकीतून टाकला.

"मी उघडायची खिडकी," म्हणाल्या. "ते लावून घ्यायचे. साहेबांची ऑर्डर हाय, म्हणायचे. मला वास सोसायचा नाय. मी आपली भाईर जिन्यात जाऊन बसायची. मला कुठं लिस्ट होती?"

मी दोन्ही कागद जुळवून एकावर एक ठेवले.

"तू लिवलंस, त्यांनी केलं, मी बसून ऱ्हायले," काकू म्हणाल्या. "तिघांनी आपापलं काम केलं." मग माझ्याकडे न बघता ताट पुढे सरकवलं. "हे एवढं निवड. मला दिसत नाय आता."

आम्ही तांदूळ निवडले. फाइल मी घरी आणली आहे. म्हातारी बाहुली काकूंकडेच आहे, एका गालाची, डब्याखाली.

याद्या मी अजूनही करते, त्याशिवाय मला काम येत नाही. शाळेत सगळीकडे माझ्याच याद्या लागलेल्या असतात. फक्त हल्ली कोणी दारात येऊन "मॅडम, एक मिनिट" म्हणालं की मी पेन ठेवते आणि खुर्ची त्याच्याकडे वळवते. सेविका असो, शिपाई असो, पूर्ण ऐकते. बहुतेक वेळा ते कपाटाची किल्ली कुठे आहे, एवढंच विचारायला आलेले असतात.