दचके सरांचा उजवा कान

आम्हाला रायफल शिकवणारा माणूस कुकरच्या शिट्टीला भ्यायचा. नुसता भ्यायचा नाही, खुर्चीतून वीतभर वर उडायचा. एसटीचं टायर फुटो, कुणाच्या हातून ताट पडो, कुणी जोरात शिंको, सर उडालेच. उडून खाली आले की हळूच आजूबाजूला बघायचे, कुणी बघितलं का म्हणून. सगळ्यांनीच बघितलेलं असायचं. त्यांचं खरं आडनाव चांगलं भारदस्त होतं, फौजेतनं हवालदार होऊन आले होते. पण मी त्यांना 'दचके सर' म्हणायला लागलो आणि पुढं तर पोस्टमनसुद्धा दचक्यांचं घर कुठं म्हणून विचारायला लागला.

नावं ठेवणं आणि आवाज काढणं, एवढंच मला येत होतं. चढावर धापा टाकणारा पाण्याचा टँकर, तालुक्याचे तहसीलदार, ऐन माध्यान्ही ओरडणारा कोंबडा, कुणाचाही आवाज सांगा, काढून दाखवायचो. त्याच्या जोरावर दोन वर्षं गॅदरिंग गाजवलं आणि बारावी गाजवायची राहून गेली.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून त्यावर नवं नाव रंगवणं चालू होतं. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. पण जिल्हा म्हटल्यावर सगळं जिल्ह्याचं पाहिजे, म्हणून रायफल क्लबसुद्धा झाला. क्लबची चांदमारी गावाबाहेरच्या आटलेल्या पाझर तलावात. तळाला हात जाईल एवढ्या भेगा, आणि समोर मातीचा जाड बांध. निशाणं बांधाला लावायची, गोळ्या बांधाच्या पोटात. "दुष्काळानं एवढं एक काम बेस केलं बघ," सर म्हणायचे, आणि लगेच दचकून मागं बघायचे. मागं बायका हंडे घेऊन चाललेल्या असायच्या. ऐकलं असतं तर हंडाच घातला असता डोक्यात.

सरांचा डावा कान फौजेतच गेला होता. कसा गेला, ते आम्ही दहादा विचारलं. उत्तर एकच: "आवाज झाला. मग झालाच न्हाई." राहिला उजवा. त्या एका कानावर त्यांची सगळी मास्तरकी चालायची. रायफल घेऊन आपण पालथं पडलो की सर आपल्या डाव्या अंगाला पालथे पडायचे, अगदी खेटून, उजवा कान आपल्या तोंडाकडं करून. निशाणाकडं ते बघायचेच नाहीत. ते आपला श्वास ऐकायचे. "घे. अर्धा सोड. थांब... थांब... हां." त्या 'हां'ला बोट दाबायचं. कापसाचा बोळा ते कधी घालत नसत. "बोळा घातला की श्वास गेला," म्हणायचे. "भीती डोळ्याला दिसत न्हाई लेका, ऐकू येती."

गंमत म्हणजे आम्ही मारलेल्या गोळीच्या आवाजाला ते कधीच दचकले नाहीत. मी एकदा विचारलंच, "सर, शिंकेला उडता आन् गोळीला न्हाई, आसं कामून?"

"गोळी कधी येणार ते मला आधी कळतं की," सर म्हणाले. "शिंक काय सांगून येती का?"

आमच्यात सगळ्यात चांगली मारायची ती कुसुम. तिचे वडील झेडपीत शिपाई होते. ती रायफल घेऊन पडली की सर म्हणायचे, "ही गोळी मारून राहिली की झोपून राहिली, काई कळंना." माझ्या शेजारी पडले की म्हणायचे, "नकल्या, भाता बंद कर आधी. लोहार हायस का तू?"

तर मी भ्यायचो. आता सांगायला लाज नाही. काडतुसांची टंचाई, म्हणून निम्मा सराव रिकाम्या रायफलीवर चालायचा आणि गोळीचा आवाज मी तोंडानं काढायचो, 'फट्ट!' अगदी हुबेहूब. तेव्हा मी वाघ. सगळ्यांचे डोळे निशाणाकडं आणि सर तेवढे अर्धा फूट हवेत, कारण माझी गोळी सांगून येत नसे. पण खरं काडतूस आत गेलं की माझ्या जिभेला कोरड पडायची आणि बोट दाबायच्या आधीच डोळे गच्च मिटायचे. गोळी कुठं गेली ते बांधालाच माहीत. मी सगळ्यांना सांगायचो, "भीतबीत काई न्हाई, खांद्याला धक्का लई बसतो ओ." वास्तविक ती बावीस बोअरची रायफल. धक्का म्हणजे मांजरानं प्रेमानं ढुशी द्यावी एवढा.

सरांनी एकदा गंमत केली. माझ्या रायफलीत स्वतःच्या हातानं काडतूस भरलं आणि म्हणाले, "मार." मी दाबलं. खांदा मागं उडाला, मान वाकडी, डोळे बंद. "बसला का धक्का?" सरांनी विचारलं. "बसला की सर, बघा ना, लाल झाला असंल." सगळे हसून हसून तलावाच्या भेगांत पडायचे राहिले. सरांनी आत रिकामी पुंगळी भरली होती. नुसतं 'टक' झालं होतं. हसले नाहीत ते एकटे सर. माझा खांदा थोपटत म्हणाले, "असू दे. माझंबी असंच हाय."

पुढं विभागाच्या स्पर्धा नांदेडला ठरल्या. नव्या जिल्ह्याची पहिलीच टीम जाणार. क्लबचे अध्यक्ष होते बोअरवाले आप्पा. त्या सालात गावात फक्त त्यांचाच धंदा जोरात. जो तो जमिनीला भोकं पाडून घेत होता. आप्पा मनानं मोठे, काडतुसं तेच आणून द्यायचे. माझी कीर्ती त्यांच्या कानावर गेली आणि एक दिवस ते जीपमधून उतरले ते हातात पितळी नळकांडं नाचवतच. वीतभरसुद्धा नाही, दोन्ही अंगांना भोकं, कसायला दोन पेच.

"हैदराबादला एका शिकाऱ्याच्या रायफलीला बघून आलो," आप्पा म्हणाले. "आपल्या लेथवर करून घेतलो. नळीच्या तोंडाला बसवायचं. ब्रेक म्हणतेत ह्याला. धूर भोकातनं बाजूला निघतो, धक्का खलास. आता भी की म्हणावं पोराला!"

सरांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, भोकात बोट घालून बघितलं. "आप्पा, हिला धक्काच न्हाई. ब्रेक कशाला लावायचा?"

"सर, जीपला ब्रेक असावा का नसावा?"

"जीप पळती ओ. ही बैलगाडी हाय."

आप्पांचा चेहरा पडला. सर माझ्याकडं बघत राहिले. मी कसला बघतो! मला तर ते नळकांडं तोंडाला लावावं की पूजेला, असं झालं होतं. "लावा की सर," मी म्हटलं. "बघू तरी." कुसुम म्हणाली, "धूर बाजूला म्हणजे आवाजबी बाजूलाच येईल ना?" तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मी तर मुळीच दिलं नाही. आप्पांनी पेच कसले. सर नळीत तार घालून भोक सरळ आहे का बघत बसले, म्हणाले, "सरळ तर हाय." आणि माझ्या डाव्या अंगाला येऊन पडले, नेहमीसारखे.

मी मारलं. आणि काय सांगू, डोळे उघडे राहिले! धक्का गेला असं मनानं घेतलं होतं ना. दुसरी मारली, तिसरी मारली. आवाज जरा चिरका येत होता, पत्र्यावर दगड मारल्यासारखा. बांधाकडं धावत गेलेली कुसुम ओरडली, "एका जागी हायेत! रुपयाखाली झाकतेल!" आप्पांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मी उठून तहसीलदारांच्या आवाजात भाषण केलं. सगळे हसत होते. सर अजून पालथेच होते, तळवा उजव्या कानावर.

"सर, बघितलं का?" मी म्हणालो. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि म्हणाले, "छान. छान." मी काय विचारलं होतं ते त्यांना कळलं नव्हतं.

सर उठून धोतराचा सोगा झाडावा तशी पँट झाडत चालायला लागले. मला वाटलं, चेष्टा करावी, म्हणजे नेहमीसारखं होईल. दबक्या पावलांनी त्यांच्या मागं गेलो आणि मानेपाशी जोरात 'फट्ट!' केलं.

सर चालतच राहिले.

मी पुन्हा केलं. घसा फाटेस्तोवर केलं. सर चालतच राहिले, शांत, शहाण्या माणसासारखे. आयुष्यात पहिल्यांदा ते दचकले नाहीत आणि दचकलो तो मी. हसणाऱ्यांचं हसू तोंडातच राहिलं. मला तो सरळ चाललेला पाठमोरा माणूस बघवेना. ज्याचा एकच दिवा होता त्याच्या घरात जाऊन मी फुंकर मारून आलो होतो, असं काहीतरी वाटत होतं.

मागं मागं सरांच्या घरी गेलो. काकू चुलीपाशी होत्या. "काय झालं गं बाई," त्या म्हणाल्या, "मी हाका मारून राहिले, हे ओ देत न्हाईत." सर नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "जाईल, जाईल, थोडी शिट्टी वाजतीय." कानातली शिट्टी त्यांना ऐकू येत होती, बाकी काही नाही. मी काकूंना कुकर लावायला लावला. शिट्टी झाली. सर भिंतीला टेकून खाली बघत बसले होते. दुसरी झाली. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी घरी गेलो, आणि आईनं विचारलं तरी सांगितलं नाही. तोंड उघडलं की कोणाचाच आवाज निघेना, माझासुद्धा.

सकाळी गल्लीत टँकर आला. बायकांची झुंबड, हंड्यांची चढाओढ. मी सरांच्या ओसरीवर जाऊन बसलो होतो. ते दात घासत उभे होते. कुणाचा तरी रिकामा हंडा टँकरवरून सुटला आणि फरशीवर असा काही आपटला की अख्खी गल्ली हादरली. सर उडाले! चांगले वीतभर उडाले. तोंडातलं मंजन माझ्या सदऱ्यावर. मी तसाच त्यांना मिठी मारली. काकू आतून हसत आणि रडत बाहेर आल्या. सर वैतागले, "आरं सोड की! मंजन लागंल!"

पण तलावावर गेल्यावर तेच म्हणाले, "ब्रेक तसाच लावलेला राहू दे. तुझ्या गोळ्या बघितल्या ना? नांदेडला जाईस्तोवर असाच सराव करू."

"मग तुम्ही मागं बसा."

"मागं बसून काय ऐकू, तुझी पाठ?"

"बोळा घाला मग."

"मग काय ऐकू?" सर खाली बसले. "हे बघ, माझा कान म्हातारा झालाय. आज ना उद्या जायचाच हाय. तुझी भीती गेली तर बरंच हाय की."

भीती गेली तर! मी त्या नळकांड्याकडं बघितलं. तीन गोळ्या, एका जागी, उघड्या डोळ्यांनी. असं सुख मला कधी मिळालं नव्हतं. पुन्हा मिळेल असंही वाटत नव्हतं. आणि शेजारी हा माणूस उजवा कान माझ्याकडं करून पडायला तयार, ज्याला हंड्याची भीती वाटते. मी कुसुमकडं बघितलं. तिनं पेचकस पुढं केला. ती घरूनच घेऊन आली होती.

मी पेच सोडले. दुपारी आप्पा आले तर ब्रेक त्यांच्या हातात ठेवला. "का गा? आता काय झालं?" आप्पा म्हणाले. "धक्का न्हाईच आप्पा," मी म्हणालो. "मीच हालतो." आप्पांना काही पटलं नाही. ते ब्रेक खिशात घालून निघून गेले, पण काडतुसं ठेवून गेले. म्हटलं ना, मनानं मोठे.

नांदेडला मी डोळे मिटूनच मारलं. पहिल्या गोळीला. नंतरच्या काही उघडे ठेवून मारल्या, काही कशा मारल्या ते आठवत नाही. नंबर लागला कुसुमचा. ती पुढं गेली, वर्दीतली नोकरी लागली, आता तिच्या हाताखाली माणसं आहेत. माझा नंबर तळाकडून मोजावा लागला. सर दोरीच्या मागं उभे होते. मी उठलो तेव्हा म्हणाले, "शेवटच्या तीन गोळ्यांना श्वास बरा होता." इतक्या लांबून, इतक्या गर्दीत त्यांना खरंच ऐकू आलं होतं की माझं मन राखलं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या साली सर मुलाकडं देगलूरला राहायला निघाले. मी स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी उभी होती, काकू आत जागा धरून बसल्या होत्या. सर पायरीवर थांबले आणि एकदम म्हणाले, "नकल्या, सगळे म्हणतेत तू माझी नक्कल लई भारी करतोस. मला कधी ऐकवली न्हाईस."

मी टाळत होतो, पण कंडक्टर घंटी मारायच्या आत करून टाकली. 'घे. अर्धा सोड. थांब... थांब... हां.' सरांनी डोळे मिटून, मान वाकडी करून, सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "आसा बोलतो मी? लई भित्रा माणूस वाटतो की रे."

"हाईतच ओ तुम्ही."

"हाव," सर म्हणाले, आणि माझा हात त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "आन् तू?"

"मीबी."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि गाडीत चढले.